लिफ्ट, काऊ-चिऊ आणि टाईमप्लीज: ऑटिस्टिक मुलांना गोष्टी आणि खेळातून माणसांत रमवताना

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार नीट लागलं नाही की आतून एक बाई रेकॉर्डेड आवाजात सांगत राहते, "कृपया दरवाजा बंद करें". भांडुपला राहायला आलो तेव्हा आमची ऑटिस्टिक मुलगी मनू चार वर्षांची होती आणि महिन्याभरात ती हेच वाक्य दिवसातून पन्नास वेळा म्हणायला लागली, तोच सूर, तोच हेल. जेवताना, अंघोळीच्या वेळी, आणि पाहुणे आले की तर हमखास. आम्ही आधी हसायचो, मग वैतागायचो, मग "मनू, बास आता" चालू झालं. आजीच्या लक्षात आलं शेवटी. म्हणाली, "अरे मिक्सर लावला की म्हणते बघ ती." बघितलं तर खरंच. मिक्सर, कुकरची शिट्टी, चार माणसं एकदम बोलायला लागली की लगेच कृपया दरवाजा बंद करें. म्हणजे पोरगी सात-आठ महिने आम्हाला अगदी सभ्य भाषेत सांगत होती की आवाज फार होतोय, बंद करा, आणि आम्ही थेरपीत फी भरून विचारत होतो की ही बोलत का नाही.

हे आधी सांगितलं कारण "सोशल स्किल्स शिकवायचे" म्हटलं की आपण धरून चालतो की शिकायचं फक्त मुलाने. डेमियन मिल्टन म्हणून ब्रिटनचे एक समाजशास्त्रज्ञ आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतरांचं कळत नाही हे जितकं खरं, तितकंच इतरांना ऑटिस्टिक माणसाचं कळत नाही हेही खरं. आमच्या घरात ते लिफ्टवाल्या बाईने सिद्ध केलं. तर खाली जे लिहितोय त्यात निम्मं काम मुलाचं आहे आणि निम्मं आपलं, घरच्यांचं, शेजाऱ्यांचं, कंपाउंडातल्या पोरांचं.

मी थेरपिस्ट नाही, बँकेत नोकरी करतो. मनू आता नऊ वर्षांची आहे, पाच वर्षांत जे जमलं, जे फसलं ते लिहितोय. तुमचं मूल वेगळं असणार त्यामुळे जसंच्या तसं उचलू नका. आणि हो, मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात, सरकारी कागदांवरही तेच असतं, पण मला तो शब्द पटत नाही, त्यात मूल स्वतःतच बुडालंय आणि त्याला बाहेरचं काही पडलेलंच नाही असा सूर आहे. मनूला बाहेरचं जरा जास्तच ऐकू येतं, हीच तर अडचण आहे. म्हणून मी ऑटिझमच लिहिणार.

पहिली पायरी: आठवडाभर काही शिकवू नका, वही घ्या

साधी शंभर पानी वही. तीनच गोष्टी लिहायच्या, मूल स्वतःहून काय करतं, कशापासून पळतं, आणि दिवसातली बरी वेळ कोणती. आमच्या वहीतलं सांगतो: शाळेतून आल्यावर दोन तास कुणाशी काही नको, पंख्याखाली पडून राहते. सहा ते सात मूड चांगला. पाण्याचा पंप सुरू झाला की बाथरूमकडे फिरकत नाही. आवडीचं म्हणजे वरखाली जाणारं काहीही, लिफ्ट, पडद्याची दोरी, बादली, चहाच्या पातेल्यातला फेस सुद्धा. या वहीमुळे एक कळलं की आम्ही जे "चला आता खेळूया" करत होतो ते रोज दुपारी तीनला, म्हणजे नेमकं तिच्या सगळ्यात वाईट वेळेला.

ऐकलेलं वाक्य तसंच पुन्हा म्हणणं, याला इकोलेलिया म्हणतात. पूर्वी ते निरर्थक समजून बंद पाडायचे. 1980 च्या दशकात बॅरी प्रिझंट वगैरे अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की त्यामागे बरेचदा हेतू असतो, मूल काहीतरी मागत असतं, नाही म्हणत असतं किंवा स्वतःला शांत करत असतं. म्हणून वहीत असं वाक्य आलं की शेजारी लिहा, त्या आधी मिनिटभर घरात काय चाललं होतं. आठ-दहा नोंदी झाल्या की अर्थ आपोआप दिसायला लागतो.

दुसरी पायरी: जमिनीवर बसा आणि गप्प बसा

स्टॅन्ली ग्रीनस्पॅन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने फ्लोअरटाईम नावाची पद्धत आणली, नावातच सगळं आहे, मोठ्याने खाली जमिनीवर यायचं आणि मूल जे खेळतंय त्यात शिरायचं, आपला खेळ त्याच्यावर लादायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, पाच मिनिटं सुद्धा गप्प राहवत नाही. आपल्याकडे मुलाशी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षाच असते ना, हा कुठला रंग, ते काय आहे, म्हण बघू, काकांना नाव सांग बघू. हे सगळं बंद. प्रश्न विचारायचाच नाही, जे दिसतंय ते एखाद्या शब्दात म्हणायचं, "वर गेली", "आली खाली", आणि मग मनात दहा आकडे मोजायचे. दहा. आम्ही तीनवर गाडी पुढे न्यायचो आणि म्हणायचो ती उत्तर देत नाही.

मनू चपलेच्या खोक्याला दोरी बांधून ते खुर्चीवरून वरखाली करायची, तासन् तास. मी दुसरं खोकं घेतलं आणि शेजारी बसून तेच केलं. पहिले दोन दिवस तिने बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी ती थांबली की मीही थांबलो, ती चालू झाली की मीही, आणि तेव्हा तिने पहिल्यांदा तिरक्या नजरेने माझ्या खोक्याकडे बघितलं. मग चार-पाच दिवसांनी मी एक छोटी बाहुली तिच्या खोक्याच्या तोंडाशी उभी करून ठेवली, बोललो काही नाही. तिने उचलून फेकली. दुसऱ्या दिवशी परत ठेवली, परत फेकली. मी हसत हसत बाहुलीलाच म्हणालो, "लिफ्ट भरली वाटतं, थांबा हं मावशी." त्यानंतर कितव्यांदा ते आठवत नाही पण एकदा तिने ती बाहुली आत घातली, वर नेली, आणि खुर्चीवर उतरवली. बस, इतकंच. पण ही पहिली वेळ की तिच्या खेळात दुसरं कुणीतरी होतं.

इथे एक तोल सांभाळावा लागतो. खेळात अडथळा टाकायचा पण खोडी काढल्यासारखा नाही. मूल चिडलं, अंग ताठ झालं, कानावर हात गेले की लगेच मागे व्हायचं. रोज पंधरा-वीस मिनिटं खूप झाली, ऑफिसातून दमून आलेल्या दिवशी नाही केलं तरी चालतं, दमलेल्या माणसाचा फ्लोअरटाईम म्हणजे नुसती झोप असते.

तिसरी पायरी: आजीची गोष्ट, पण पोकळी ठेवून

आधी एक रडगाणं. मनू साडेतीनची असताना एका तज्ज्ञांनी आम्हाला सांगितलं की घरात एकच भाषा ठेवा, शाळा इंग्लिश मीडियम आहे तर इंग्लिशच बोला, दोन भाषांनी ती गोंधळेल. आम्ही ऐकलं. वर्षभर आजी नातीशी बोलली नाही हो, कारण आजीला इंग्लिश येत नाही, ती नुसती डोक्यावरून हात फिरवायची. नंतर कळलं की दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर घरची भाषा सोडायच्या आधी दुसरं मत घ्या, मुंबईत हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो.

तर आजीने सुरुवात केली ती काऊ-चिऊपासून. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस येतो, कावळ्याचं वाहून जातं, तो येऊन म्हणतो चिऊताई चिऊताई दार उघड, आणि ती म्हणते थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. पुन्हा दार उघड, पुन्हा थांब, बाळाला तीट लावते. ऑटिस्टिक मुलासाठी यापेक्षा बरी गोष्ट शोधून सापडणार नाही. पुढे काय येणार ते आधीच माहीत, तेच वाक्य फिरून फिरून, आणि दोघांच्या पाळ्या बांधलेल्या, एक बोलतो, दुसरा उत्तर देतो. गप्पा मारणं म्हणजे तरी वेगळं काय असतं.

करायचं असं. पहिले आठ-दहा दिवस गोष्ट रोज त्याच वेळी, शब्द न बदलता, हातात दोन खेळणी घेऊन सांगायची. मुलाने ऐकलं नाही, पाठ करून बसलं तरी सांगायची. मग एक पोकळी ठेवायची, "चिऊताई चिऊताई दार..." आणि थांबायचं, दहा आकडे. मूल "उघड" म्हणेल, किंवा नुसतं दाराकडे बघेल, दारावर थाप मारेल, सगळं चालतं, ते उत्तरच आहे. ते जमलं की खरं दार घ्यायचं. आम्ही बेडरूमचं दार घेतलं, आजी आत चिऊ, मनू बाहेर कावळा. आणि मग उलटं, मनू आत. ही अदलाबदल लवकर होणार नाही, आम्हाला दोन महिने लागले, कारण मनूच्या मते कावळा ती होती, एकदा ठरलं म्हणजे ठरलं.

भावनांचं इथे येतं. पण "मग कावळ्याला कसं वाटलं असेल?" असं विचारू नका, त्याचं उत्तर शाळेत देतात तसं "सॅड" येतं आणि पुढे काही नाही. आपणच बोलायचं, "कावळा भिजलाय. त्याला थंडी वाजतेय. चिऊला माहीत नाही तो किती भिजलाय, ती आत आहे ना, तिला दिसत नाही." एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, हे दाराच्या दोन बाजूंना उभं राहून कळतं तसं चित्र दाखवून कळत नाही. आजीच्या मूळ गोष्टीत शेवटी कावळ्याला चटका बसतो, तो भाग आम्ही काढून टाकला. आणि मनूची एक हरकत अजून कायम आहे, की मेणाचं घर उन्हाळ्यात वितळलं कसं नाही. आजीकडे उत्तर नाही.

चौथी पायरी: स्वतःची गोष्ट लिहा

कॅरल ग्रे या अमेरिकेत मिशिगन राज्यात शिक्षिका होत्या, त्यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सोशल स्टोरी हा प्रकार सुरू केला. एखाद्या प्रसंगात काय होतं, का होतं, लोक काय करतात हे मुलाच्या बाजूने छोट्या गोष्टीत लिहायचं. लोक याला उपदेशाचा कागद समजतात आणि तिथेच चुकतात. मी पहिली गोष्ट लिहिली तिचं नाव होतं "शहाणी मनू". मी आरतीला शांत उभी राहते. मी ओरडत नाही. मी कानावर हात ठेवत नाही. मनूने ती फाडली, आणि बरोबर केलं.

ग्रे यांच्या पद्धतीतले मला उपयोगी पडलेले नियम असे. "तू असं कर" नाही, वाक्य "मी" किंवा "मुलं", "लोक" असं येतं. काय करायचं हे सांगणारं एक वाक्य असेल तर नुसतं वर्णन करणारी कमीत कमी दोन हवीत. "नेहमी" ऐवजी "बहुतेक वेळा", "कधी कधी", कारण गोष्टीत नेहमी लिहिलं आणि आरती एक दिवस उशिरा झाली तर तुम्ही खोटारडे. आणि एक नियम ज्याकडे कुणी बघत नाही, एकूण गोष्टींपैकी निदान निम्म्या गोष्टी मूल आधीच जे चांगलं करतं त्यावर असाव्यात. आमची सगळ्यात लाडकी गोष्ट आहे "मनू बादली भरते". तिच्यात काही शिकवायचं नाहीच, तिला बादली भरता येते इतकंच.

आरतीची दुसऱ्यांदा लिहिलेली गोष्ट पूर्ण देतो, वाटल्यास बदलून घ्या.

"गणपतीत आमच्या बिल्डिंगच्या खाली मंडपात आरती होते. आरती बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसातला सुरू होते. बरीच माणसं येतात. काही लोक टाळ्या वाजवतात, काही झांजा वाजवतात. झांजांचा आवाज मोठा असतो. काही जणांना तो आवडतो. काही जणांच्या कानांना त्रास होतो. मला त्रास झाला तर मी हेडफोन लावू शकते. मी बाबांचा हात ओढून जिन्यापाशी जाऊ शकते. बाबा माझ्याबरोबर येतात. आरती साधारण वीस मिनिटं चालते, कधी कधी जास्त. आरती संपली की प्रसाद वाटतात. मागच्या वर्षी मी सगळ्यांना खिरापत वाटली होती."

एका पानावर एक-दोन वाक्यं, खाली आपल्याच फोनवर काढलेला फोटो, तोच मंडप, तोच जिना. इंटरनेटवरची कार्टून नकोत, मनू विचारते हा मुलगा कुठल्या विंगमधला. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढून लॅमिनेट करून घ्या नाहीतर आठवड्यात चिंध्या होतात. प्रसंगाच्या आधी चार-पाच दिवस रोज एकदा वाचायची, मूल शांत असताना. रडारड चालू असताना गोष्ट पुढे करणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं. आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही.

खरं सांगायचं तर सोशल स्टोरीवरच्या संशोधनाचे निकाल संमिश्र आहेत, काही मुलांना चांगला उपयोग होतो, काहींना फार नाही. दीड-दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर स्वतःला दोष न देता सोडून द्या, आपल्याकडे बाकी खेळ आहेतच.

पाचवी पायरी: एकच भिडू, वीस मिनिटं

डायरेक्ट वाढदिवसाच्या पार्टीत किंवा गार्डनमध्ये सोडू नका. आधी एक मूल, आपल्याच घरात, ठरलेली वेळ, आणि संपणार कधी ते आधीच सांगितलेलं. आम्ही फोनचा टायमर समोर ठेवायचो. मूल कुठलं बोलवायचं? सगळ्यात हुशार, समजूतदार नको. ज्याला तुमच्या मुलाचा खेळ खरंच आवडतो ते बोलवा. आमच्याकडे वरच्या मजल्यावरचा बंटी, सात वर्षांचा, महाखोडकर, त्याला आपण स्वतः लिफ्ट चालवतोय हे फार आवडायचं.

टेबलाखालची जागा म्हणजे लिफ्ट, आजीची ओढणी म्हणजे दार, भिंतीवर कागदाची बटणं शून्य ते सात. मनू लिफ्टमन. बंटी बाहेर येऊन उभा राहायचा, ती विचारायची "कितवा?", तो सांगायचा, ती बटण दाबायची, दोघं गप्प उभे, मग ती म्हणायची "पाचवा मजला" आणि ओढणी बाजूला. दार उघडं राहिलं की अर्थातच कृपया दरवाजा बंद करें. पाच पॅसेंजर झाले की लिफ्टमन बदलायचा, हे कागदावर पाच चौकोन काढून, टिक करत. लक्षात घ्या, यात विचारणं आहे, थांबणं आहे, दुसऱ्याचं ऐकून तसं करणं आहे, पाळी सोडणं आहे, आणि हे सगळं तिच्याच आवडीच्या गोष्टीत, त्यामुळे शिकवतोय असं कुणाला वाटलंच नाही.

एक दिवस बंटी म्हणाला, "चंद्रावर." मनू थांबली. "चंद्र बटण नाही." तो म्हणाला, "पण मला चंद्रावरच जायचंय." तिचे हात हलायला लागले, मी उठलो मध्ये पडायला, मनूच्या आईने मला डोळ्यांनीच दटावलं, बस तिथेच. बंटीने जाऊन कागद फाडला, वेडावाकडा गोल काढला आणि सातच्या वर चिकटवला. मनू त्या बटणाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने ते काढलं, नीट सरळ करून पुन्हा चिकटवलं, आणि दाबलं. मला सांगायचंय ते हेच की त्या क्षणी मी पडलो असतो मध्ये तर ते झालं नसतं.

लिफ्ट नसेल आवडत तर ब्लॉक्स. डॅनियल लगॉफ या मानसशास्त्रज्ञाने लेगो वापरून गट तयार केले, 2004 मध्ये त्यावर अभ्यासही छापला. एक मूल इंजिनिअर, त्याच्याकडेच चित्र, तोच सांगणार काय हवंय. दुसरं सामान देणारं. तिसरं जोडणारं. कुणालाच एकट्याने पुरं करता येत नाही. आमच्याकडे त्यांना इंजिनिअर, हार्डवेअरवाला आणि मिस्त्री म्हणतात, बंटी कायम हार्डवेअरवाला आणि मुद्दाम उधारी मागतो. महागडे लेगो लागत नाहीत, साधे प्लॅस्टिकचे ब्लॉक्स चालतात.

सहावी पायरी: कंपाउंड

आता खरी परीक्षा. पकडापकडी आपल्याला सोपी वाटते पण त्यात न सांगितलेले नियम किती आहेत बघा. राज्य कुणावर आहे हे दिसत नाही, फक्त लक्षात ठेवायचं असतं, आणि ते दर अर्ध्या मिनिटाला बदलतं. मनू राज्य आलेल्याच्याच मागे धावायची. उपाय एकदम साधा निघाला, ज्याच्यावर राज्य त्याने लाल टोपी घालायची. आउट झालं की टोपी हस्तांतरित. बाकीच्या पोरांनाही ते इतकं आवडलं की मनू नसतानाही टोपी मागायला येतात.

आमच्या अनुभवात विषामृत सगळ्यात छान. शिवलं की विष, जागच्या जागी पुतळा, आणि दुसऱ्या भिडूने येऊन शिवलं की अमृत, सुटका. नियम दोनच, आणि कुणाला तरी सोडवणं हे खेळाच्या आतच आहे, वेगळं शिकवावं लागत नाही. डबा ऐसपैस नंतर कधीतरी, त्यात फसवाफसवी फार. संगीत खुर्ची तर नकोच, मोठा आवाज, अचानक शांतता, धक्काबुक्की आणि हरणं, सगळं एका खेळात.

हरण्याचं घरी आधी करून घ्या. सापशिडी घ्या आणि आपण मुद्दाम मोठ्याने हरा, "गेलो खाली, शी बाबा, चिडलो मी, पाणी पिऊन येतो." चिडणं बंद करायचं नसतं, चिडल्यावर काय करता येतं ते दाखवायचं असतं.

आणि टाईमप्लीज. हे आपल्या गल्लीतल्या पोरांनी कुणाला न विचारता बनवून ठेवलंय आणि थेरपीवाले ब्रेक कार्ड म्हणून तेच देतात. हात वर करून टाईमप्लीज म्हटलं की कुणी शिवायचं नाही, कारण सांगायचं नाही, बुटाची लेस असो की धाप लागलेली असो. मनूला हे शिकवायला आम्ही घरी पंधरा दिवस घेतले. जेवताना टाईमप्लीज, केस विंचरताना टाईमप्लीज, आणि ती म्हणाली की आम्ही खरोखर थांबायचो, दर वेळी, उशीर होत असला तरी. हे घरात पाळलं नाही तर बाहेर मूल त्यावर विश्वास ठेवणार नाही. आता मंडपात, खाली खेळताना, शाळेत सुद्धा ती हात वर करते आणि बाजूला जाऊन उभी राहते. बोलता न येणाऱ्या मुलाला नुसता हात वर करणं पुरतं.

कच्चा लिंबूबद्दल मात्र सावध. लहान किंवा नवीन मुलाला कच्चा लिंबू करून खेळात घेतात, आउट झाला तरी चालतो, ही पण आपली छानच सोय आहे आणि पहिले काही दिवस ती वापरा. पण मूल वर्षानुवर्षं कच्चा लिंबूच राहिलं तर त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याला खेळात कुणी धरतही नाही, नुसतं बॉल आणायला पळवतात. आमच्याकडे ते झालं. मुलं तिला "ए लिफ्ट, बोल ना" म्हणून तेच वाक्य म्हणायला लावायची आणि हसायची, आणि तिला वाटायचं आपण खेळतोय. तेव्हा मी खाली जाऊन बोललो. ती आजारी आहे, बिचारी आहे असलं काही नाही. एवढंच सांगितलं की मनूला सगळे आवाज तुमच्यापेक्षा मोठे ऐकू येतात, हाक मारली की उत्तराला वेळ लागतो, थांबा, आणि ती ते वाक्य म्हणते तेव्हा तिला त्रास होत असतो. एक मुलगी म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलं?" खरंच की.

याच्या जोडीला एक शिकवा, नाही म्हणणं. आपण ऑटिस्टिक मुलांना सांगितलेलं ऐकायची इतकी सवय लावतो की कुणीही काहीही सांगितलं तरी ती करतात. काकांना पापी दे, मामाच्या मांडीवर बस, हे आमच्या घरात पूर्ण बंद आहे, मनूला वाटलं तर लांबून नमस्कार करते, नाही वाटलं तर नाही. नातेवाईक रुसले. रुसू देत.

बाहेर नेताना

घरात आधी खुर्च्या लावून बस करा, कंडक्टर, सुट्टे पैसे, पुढे चला, सगळं. मग खरी बेस्टची बस, दुपारी, दोन स्टॉप, परत. लोकल अशीच, गर्दी नसताना, एका स्टेशनाची. राणीच्या बागेत जायचं तर सकाळी उघडताना जा, आणि बुधवारी बंद असते हे मुलाला गोष्टीत लिहून द्या, आम्ही एकदा बुधवारी गेलो होतो, पुढचं सांगत नाही.

काय मोजायचं

नजरेला नजर अजिबात मोजू नका. बऱ्याच ऑटिस्टिक मोठ्या माणसांनी सांगितलंय की डोळ्यांत बघायला लावलं की ऐकण्याकडे लक्ष राहत नाही. मनू बाजूला बघत सगळं ऐकते. वहीत मी लिहितो ते असं, खेळ कुणी सुरू केला, एकमेकांना किती वेळा उत्तर दिलं गेलं, टाईमप्लीज घेऊन ती परत आली का. शाळेत दिवसभर सगळ्यांसारखं वागून घरी येऊन तासभर रडत असेल तर ती प्रगती नाही, तो दिवसभर धरून ठेवलेला श्वास आहे.

बोलणं कमी असेल तर आयआयटी मुंबईत बनलेलं जेलो नावाचं मोफत ॲप बघा, चित्रांवर बोट ठेवून बोलता येतं, मराठी आहे. अशा ॲपने मूल बोलायचं थांबतं ही भीती काढून टाका, उलट बरेचदा थोडी मदतच होते. स्पीच आणि इतर तपासणीसाठी बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाखापर्यंत विमा मिळतो, त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो. सहा महिन्यांत पूर्ण बरं करून देतो म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका. आम्ही दिला होता.

सध्या आमच्याकडे नवीनच काम निघालंय. सोसायटीने जुनी लिफ्ट काढून ऑटोमॅटिक दाराची बसवायचं ठरवलंय, म्हणजे जाळी जाणार आणि ती बाईही जाणार. मी गोष्ट लिहायला घेतली आहे. जुन्या लिफ्टचे फोटो काढले, आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवला, पहिली चार पानं झाली. पाचव्या पानावर लिहिलं होतं, "नवीन लिफ्ट छान असेल." मनूने वाचलं आणि विचारलं, "कशावरून?" खोडलं ते वाक्य. आता मागच्या गल्लीतल्या टॉवरमध्ये त्याच कंपनीची लिफ्ट आहे असं कळलंय, रविवारी तिथल्या वॉचमन काकांना विचारून दोघं बघून येणार आहोत, मग पान लिहू.